पुण्याहून मुंबई विमानतळ: शेअर गाडी की स्वतंत्र?

रात्री अडीचचं परदेशी विमान, तीन-चार मोठ्या बॅगा आणि घर पुण्यात. शेअर गाडी स्वस्त पडते, यात वाद नाही. पण ती आणखी दोन-तीन घरं फिरून निघते, डिकीत तुमची बॅग मावेल का हे कोणी आधी विचारत नाही, आणि सगळ्यांच्या विमानांची वेळही एक नसते. एकट्याने जायचं असेल, सामान थोडं असेल, तर खुशाल घ्या.

कुटुंब असेल तर स्वतंत्र गाडीच. मात्र टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता भाड्यात धरलाय का, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. ‘ते बघू हो नंतर’ म्हणणारा नंतर बरोब्बर बघून घेतो! आदल्या संध्याकाळपर्यंत गाडीचा नंबर आला नाही, तर दुसरी शोधायला लागा.

गाडी कुठलीही असो, तिकिटावरचं टर्मिनल वाचा. टी-१ सांताक्रूझच्या बाजूला, टी-२ सहारला. नवी मुंबईचा विमानतळ तर वेगळाच. पुण्याहून मुंबई विमानतळाचं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण घाटात एखादा ट्रक बंद पडला की हिशेब कोलमडतो. अडीचच्या विमानासाठी संध्याकाळी साडेसहाला निघालात, तर ते फार लवकर नव्हे.