‘कोणत्याही रायफलमध्ये बसतील’: पितळी पुंगळ्यांच्या व्यवहारातील फसवणूक

एक हजार पुंगळ्यांचे (काडतुसांच्या रिकाम्या पितळी कवचांचे) २८० डॉलर आणि टपालखर्चाचे २४ डॉलर ६० सेंट, असे एकूण ३०४ डॉलर ६० सेंट मी एका अनोळखी विक्रेत्याला पाठवले आणि त्याच्या बदल्यात मला चकचकीत पितळी भंगार मिळाले. अमेरिकेत राहून रायफल नेमबाजी करणारे आणि आपली काडतुसे (उडालेल्या पुंगळ्या पुन्हा वापरून) आपणच भरणारे जे थोडेफार मराठी लोक आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. (भारतात परवान्याशिवाय हा उद्योग शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा ठरतो, सुट्टीत घरी जाताना बॅगेच्या कोपऱ्यात एखादी रिकामी पुंगळीही राहू देऊ नका.)

माल होता .३०८ विंचेस्टरच्या मापाचा, बुडावर लष्करी कारखान्याचा ‘एलसी’ शिक्का असलेला. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार या सर्व पुंगळ्या एकाच बोल्ट रायफलमधून (जिचा मागचा दट्ट्या, म्हणजे बोल्ट, हाताने उघडतात) एकदाच उडालेल्या होत्या. त्या धुऊन, फुल लेंग्थ डायमधून (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) काढून, ट्रिम करून (तोंडाकडची वाढलेली लांबी कापून), प्रायमरच्या (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) खाचेतला लष्करी क्रिंप (टोपी धरून ठेवणारी दाबलेली कडा) काढून पूर्ण तयार केल्या होत्या. भाव संशय यावा इतका पडेल नव्हता. माल आल्यावर मी तपासणी केली नाही, असेही नाही. मूठभर पुंगळ्या कॅलिपरने मोजल्या. प्रत्येकीची लांबी २.००५ आणि २.०१५ इंच या दोन मर्यादांच्या आत होती, मानेला चीर नव्हती, प्रायमर घट्ट बसत होते. एवढे पाहिल्यावर कोणीही समाधानी झाला असता.

पण जाहिरातीतले एक वाक्य आठवले की आजही डोके फिरते. ‘कोणत्याही रायफलमध्ये आरामात बसतील, पुन्हा साइझ करण्याची गरज नाही.’ या वाक्यात त्या माणसाने स्वतःच कबुली दिली होती आणि ती मी जाहिरातीतली फुशारकी समजून वाचली. .३०८ सारख्या कडा नसलेल्या काडतुसात बोल्टच्या तोंडापासून चेंबरमधल्या (नळीत काडतूस बसते त्या जागेतल्या) खांद्यावरच्या, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथल्या, ठरलेल्या रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. प्रत्येक रायफलचे हे अंतर थोडे वेगळे असते, म्हणून आपल्या रायफलमध्ये उडालेल्या पुंगळीचा खांदा डायने साधारण दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मागे सारायचा, स्वयंचलित भरणीची रायफल असेल तर तीन ते पाच, अशी रीत आहे. जी पुंगळी सगळ्यांच्याच रायफलमध्ये आरामात बसते, तिचा खांदा गरजेपेक्षा फार मागे ढकललेला असण्याचीच शक्यता जास्त, आणि अशी पुंगळी उडताना ताणली जाऊन बुडाजवळ तुटू शकते. पिंपरीच्या टूलरूममध्ये थाऊच्या हिशेबात उमेदवारी केलेल्या माणसाला हे कळायला हवे होते, असे माझी पत्नी म्हणते. मात्र मी विक्रेत्याला खांद्याचे माप स्पष्टपणे विचारले होते आणि उत्तरादाखल त्याने पुंगळ्यांच्या ढिगाचा आणखी एक फोटो आणि ‘आजवर एकही तक्रार नाही’ एवढेच पाठवले होते, हे ती विसरते.

पुढे नेमबाजीच्या मैदानावर एका गोळीनंतर बोल्ट उघडला, तर पुंगळीचे बूड तेवढे बाहेर आले आणि उरलेले पितळ चेंबरमध्येच अडकून राहिले. चष्मा डोळ्यांवर होता, वायू फार मागे आला नाही, म्हणून हे टंकायला मी धडधाकट आहे. अडकलेला तुकडा काढण्याच्या साधनाचे २१ डॉलर ९५ सेंट आणि बंदूक-कारागिराकडून रायफल तपासून घेण्याचे ८५ डॉलर धरले, तर हिशेब ४११ डॉलर ५५ सेंटवर जातो. कारागिराने हेडस्पेस तपासण्याचे गो (ज्यावर बोल्ट बंद व्हायला हवा) आणि नो-गो (ज्यावर होता कामा नये) हे दोन्ही गेज लावून पाहिले. १.६३० इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला, १.६३४ च्या गेजवर झाला नाही. म्हणजे रायफल निर्दोष होती. मग कम्पॅरेटर (खांद्याची जागा मोजण्याचे साधन) लावून माझ्या रायफलमध्ये उडालेली जुनी पुंगळी आणि त्याने पाठवलेल्या, अजून न भरलेल्या पुंगळ्या शेजारी शेजारी मोजल्या, तेव्हा खांद्याच्या जागेत ११ ते १४ थाऊंचा फरक निघाला.

त्यांतली एक पुंगळी मी करवतीने उभी चिरली. बुडापासून पाव इंचावर, जिथे भिंत चांगली जाड असायला हवी, तिथे आतून गोल खाच पडली होती आणि त्या जागी पितळ पत्र्याइतके पातळ झाले होते. बोल्ट रायफलमधून एकदाच उडालेल्या पुंगळीची अशी अवस्था होत नाही. माझा तर्क असा की हा माल मशीनगनमधून आलेला आहे. नाटोच्या ७.६२ बाय ५१ (.३०८ च्याच लष्करी भावंडाच्या) चेंबरचा गो गेजच १.६३५ इंचांचा, म्हणजे .३०८ च्या नो-गोपेक्षाही मोठा असतो आणि मशीनगनचे चेंबर त्याहून सैल. तिथे ताणलेली पुंगळी डायमध्ये दाबली की बुडाजवळ गेलेली जाडी परत येत नाही. सरकलेले पितळ मानेकडे वाढते आणि ट्रिमरखाली कापले जाते. म्हणूनच लांबी अचूक होती! ज्या मापावर मी विसंबलो, ते माप त्यानेच कापून तयार केले होते. वर बाहेरून दिसणारी चकाकती रेघ, जी एरवी इशारा देते, ती पॉलिश करून पुसली होती. हे अडाणीपणाने झाले असे मला कोणी सांगू नये.

विक्रेत्याने संदेश वाचले आणि खाते बंद केले. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितले की ‘मित्र किंवा कुटुंबीय’ या पर्यायाने दिलेल्या रकमेला संरक्षण नाही. तो पर्याय निवडायला आणि टिपणाची जागा कोरी ठेवायला विक्रेत्यानेच सांगितले होते. या छंदात सगळेच तसे सांगतात, कारण अशा कंपन्यांना बंदुकीशी संबंधित व्यवहार नको असतात. त्यानंतर दुसऱ्या कर्मचाऱ्याने मलाच ऐकवले की नियमबाह्य खरेदीबद्दल माझेच खाते गोठवले जाऊ शकते. बँकेने रक्कम मी स्वतः पाठवली असल्याचे कारण दिले. स्थानिक पोलिसांनी माल मिळाला आहे, तेव्हा हा दिवाणी वाद आहे, असे म्हणून वही मिटली. विक्रेता दुसऱ्या राज्यातला असल्याने तिथल्या पोलिसांना फोन केला, तर त्यांनी माझ्याच गावच्या पोलिसांकडे बोट दाखवले. सरकारी संकेतस्थळावर लांबलचक अर्ज भरला. त्याचा क्रमांक आपोआप आला, पुढे माणूस कोणी आला नाही. चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर फुटू शकणारी वस्तू खोटे सांगून विकणे हा ‘गुणवत्तेविषयीचा मतभेद’ आहे, हे शब्द एका कार्यालयाच्या उत्तरात जसेच्या तसे होते.

क्रेडिट कार्ड न घेणाऱ्याकडून माल घेऊ नका. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने बिल आल्यापासून ६० दिवस कार्डावर वाद घालता येतो. कार्ड नाहीच म्हणाला, तर टपाल खात्याची मनीऑर्डर द्या, निदान कागद तरी राहतो. आणि खांद्याचे माप न सांगणारा विक्रेता माहिती लपवतो आहे, असेच धरून चाला.

तोच ढीग, तोच निळा टॉवेल आणि तेच वाक्य आता वेगळ्या नावाने पुन्हा विक्रीला आहे. भाव २९५ डॉलर. ज्यांच्या घरी हा माल आला असेल, त्यांनी कागदाच्या पिनेचे टोक काटकोनात वाकवून पुंगळीच्या आत बुडाजवळून वर ओढून पाहावे. ते खाचेत अडखळले, तर सगळा डबा बाजूला ठेवा, डाय घट्ट करून तो सुधारेल या भ्रमात राहू नका. मागे ढकललेला खांदा कोणतीही साइझिंग डाय पुढे आणत नाही. भंगारात हजार पुंगळ्यांचे वजन साधारण २५ पौंड भरते, पण पावती आणि चिरलेली पुंगळी मात्र जपून ठेवा.