थ्री-इन-वन हाय चेअर, काही महिन्यांच्या वापरानंतर: खुर्ची उत्तम, बकल नापास

साडेचार हजारांच्या खुर्चीचे बकल बिघडले, तेव्हा कंपनीने मला एकवीसशे रुपयांचा संपूर्ण ‘सीट किट’ घ्यायला सांगितले. त्यामुळे पूर्वी चार तारे देऊन लिहिलेला अभिप्राय बाजूला ठेवून हा नवा अभिप्राय लिहीत आहे. खुर्ची नेहमीच्याच थ्री-इन-वन प्रकारातली आहे. लांब पाय लावले की हाय चेअर, पाय काढून जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बांधली की बूस्टर सीट, आणि काहीही न जोडता फरशीवर ठेवली की बैठी खुर्ची. ट्रे, वजनमर्यादा, उंचीचे खाचे वगैरे तपशील उत्पादनाच्या पानावर दिलेले असल्यामुळे ते येथे पुन्हा लिहीत नाही. नात सहा महिन्यांची होऊन आधाराशिवाय बसू लागली तेव्हापासून ही खुर्ची आमच्याकडे रोज वापरात आहे. मुलगा आणि सूनबाई कामावर गेल्यावर तिची दोन्ही वेळची जेवणे आम्ही दोघे आजी-आजोबा करतो, त्यामुळे हे बकल दिवसातून सर्वांत जास्त वेळा उघडणारा आणि लावणारा मनुष्य मीच आहे.

पट्टा पाच टोकांचा आहे. खांद्याचे आणि कमरेचे पट्टे दोन्ही बाजूंच्या दोन जिभांना जोडलेले आहेत, आणि त्या जिभा मांड्यांमधून वर येणाऱ्या पट्ट्यावरील घरात खटकन बसतात. मधले बटण दाबले की दोन्ही एकदम सुटतात. नवे असताना हे काम एका हाताने होत असे. पण जेवणाच्या खुर्चीचे बकल बाळाच्या हनुवटीखाली, म्हणजे जे काही तोंडातून खाली पडते त्याच्या नेमक्या वाटेत असते, याचा विचार रचना करणाऱ्याने केलेला दिसत नाही. नाचणीचे सत्त्व, दुधात कालवलेली पोळी आणि कुस्करलेले केळे ट्रेवरून पुसता येते, परंतु बकलच्या घरात शिरलेले सत्त्व तिथेच वाळते आणि जिभेला पूर्ण आत जाऊ देत नाही. मग एक जीभ बसते, दुसरी अर्ध्यावर थांबते आणि बाहेरून पाहताना बकल लागल्यासारखेच दिसते. नात जोरात पुढे झुकली आणि डावी जीभ सहज निसटून आली, तेव्हा हा दोष प्रथम आमच्या लक्षात आला. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून काही झाले नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी उलटा प्रकार घडला. घास घशात अडकून तिला ठसका लागला, मी बटण दाबले आणि बकल उघडेना. खांद्याचे पट्टे सैल करून तिला वरून ओढून काढले, तोवर ठसका आपोआप थांबला होता. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात घास खरोखर अडकला तर त्याला पुढच्या हातावर पालथे घालून, डोके छातीपेक्षा खाली ठेवून पाठीवर थापा द्याव्या लागतात. ते करण्याआधी बाळ खुर्चीतून सुटले पाहिजे. म्हणजे जे बकल बाळाच्या ओढण्याने उघडता कामा नये, तेच मोठ्या माणसाच्या एका अंगठ्याने क्षणात उघडले पाहिजे. या दोन्ही गोष्टी सांभाळणे हेच त्या तुकड्याचे काम आहे आणि आमच्या तुकड्याने दोन्हींत हात टेकले.

हा त्रास काही आमच्याच घरचा नाही. आयकियाने २०१२ मध्ये ‘अँटिलॉप’ या आपल्या स्वस्त आणि भरपूर खपणाऱ्या हाय चेअरचे पट्टे बदलून दिले होते, कारण त्यांचे बकल अचानक उघडण्याची शक्यता होती. दुसऱ्या टोकाचे उदाहरण ग्रॅकोचे आहे. या कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेत मोटारीत बसवायच्या मुलांच्या आसनांसाठी बकले बदलून देण्याची मोहीम काढली. अन्न आणि वाळलेले पेय साचून ती बकले उघडायला जड होत होती किंवा बंद अवस्थेत अडकत होती, आणि अशा आसनांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली. या दोन्ही प्रकरणांत कुणालाही अख्खे आसन विकत घ्यायला सांगितले गेले नाही. आयकियाने नवा पट्टा दिला, ग्रॅकोने नवे बकल दिले, आणि तेही फुकट.

आमच्या कंपनीच्या ग्राहक सेवेने मात्र प्रथम खोका उघडतानाचा व्हिडिओ मागितला, जो बहुधा कुणीच काढत नाही. मग बिल, मग बकलचे तीन बाजूंनी फोटो, आणि हे सर्व पाठवल्यावर उत्तर आले की पट्टा व बकल हे ‘वापराने झिजणारे भाग’ असल्यामुळे वॉरंटीत येत नाहीत, आणि ते सुटे मिळत नाहीत, गादी, पट्टे व बकल मिळून एकच किट आहे. त्या किटवर दहा टक्के सवलतीचे कूपनही सोबत होते! मी एसटीच्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेत सुट्या भागांचे भांडार सांभाळून निवृत्त झालो आहे. एका खिळीसाठी पूर्ण जोडणी बदला असे मागणीपत्र कुणी माझ्यापुढे ठेवले असते, तर ते मी शेरा मारून परत पाठवले असते.

म्हणून ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली होती, त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तक्रारीत ‘झीज’ हा शब्द मी मुद्दाम टाळला आणि ‘सुरक्षेचा दोष’ असे लिहिले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर जाण्याची तयारी असल्याचेही नमूद केले. मुदत संपण्याआधी एक लहान पाकीट आले. त्यात फक्त पट्टा आणि बकल होते, आणि पाकिटावरच्या चिठ्ठीवर त्या भागाचा स्वतंत्र क्रमांक छापलेला होता. ज्या वस्तूला स्वतःचा भाग क्रमांक आहे, ती कुठल्या तरी मांडणीवर सुटी ठेवलेली असतेच. ‘सुटे मिळत नाही’ या उत्तराचा अर्थ ‘सुटे विकायचे नाही’ एवढाच होता, आणि माझा एक तारा तेथेच गेला.

मधल्या काळात पुण्याच्या बोहरी आळीच्या बाजारातून दप्तराचे बकल आणून शिवून घ्यावे, असा सल्ला अनेकांनी दिला. काटकसरीचा मोह मलाही होतो, पण तो सल्ला मी मानला नाही. दप्तराचे बकल दोन्ही कडा चिमटीत दाबल्या की उघडते आणि वर्षाच्या मुलाला ते खेळता खेळता जमू शकते. शिवाय ते किती ताण सहन करील याची चाचणी कुणीही घेतलेली नसते. तेल सोडण्याचा सल्लाही असाच निरुपयोगी आहे, कारण तेलावर पीठ आणि धूळ आणखी चिकटते.

आता खुर्चीच्या रचनेबद्दल, कारण बकलच्या या भांडणामुळेच मी तिच्याकडे नीट पाहू लागलो. पहिल्या अभिप्रायात मी ट्रेचे कौतुक केले होते, ते मत आता बदलले आहे. ट्रे ही ताट ठेवण्याची जागा आहे, मुलाला अडवून ठेवणारी वस्तू नव्हे. पट्टा नसेल तर लहान मूल ट्रेखालून घसरते, अंग खाली जाते आणि मान वर ट्रेपाशी अडकते. किंवा पाय टेकवून सरळ उभे राहते. अमेरिकेत २००३ ते २०१० या काळात हाय चेअरशी संबंधित दुखापतींमुळे दरवर्षी सरासरी ९,४०० हून अधिक मुले रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आली होती, आणि त्यांतील बहुतेक पडलेली होती. पडण्याआधी मूल काय करीत होते याची नोंद जिथे होती, तिथे दोनतृतीयांश मुले खुर्चीत उभी होती किंवा चढत होती. घसरण्यावर उपाय म्हणून मांड्यांमध्ये एक पक्का खुंट असतो. अमेरिकेत २०१९ पासून सक्तीच्या झालेल्या मानकात असा खुंट आणि किमान तीन टोकांचा पट्टा, दोन्ही आवश्यक आहेत. आमच्या खुर्चीत खुंट आहे, पण तो ट्रेच्या खालच्या बाजूला जोडलेला आहे. म्हणजे बूस्टर म्हणून वापरताना, मूल टेबलाशीच जेवावे यासाठी ट्रे काढला की खुंटही जातो आणि मुलाला रोखणारे फक्त बकल उरते. त्यामुळे मी बकलावरच अडून बसलो आहे असे घरच्यांना वाटत असले, तरी त्यामागचे कारण हे आहे.

बूस्टरसाठी जी खुर्ची वापराल ती जड, पाठीची आणि चार सरळ पायांची असावी. दोन पट्ट्यांपैकी एक तिच्या पाठीभोवती आणि दुसरा बैठकीखालून आवळायचा असतो. त्याआधी बैठकीवरची उशी काढावी, कारण उशीवर बांधलेली सीट काही वेळाने सैल होते. सर्वांच्या घरी असलेली प्लास्टिकची साच्यातली खुर्ची यासाठी अगदी अयोग्य आहे, ती हलकी असते आणि मुलाने टेबलाच्या कडेला दोन्ही पाय लावून रेटा दिला की मागे कलंडते. हाय चेअरसुद्धा भिंतीपासून, ओट्यापासून आणि टेबलापासून मुलाचा पाय पोचणार नाही इतकी दूर ठेवावी. मंगल कार्यालयात बूस्टर नेण्याचा बेत आम्ही तेथील खुर्च्या पाहून सोडून दिला.

अनपेक्षित आनंद दिला तो तिसऱ्या रूपाने, ज्याकडे खरेदी करताना कुणीच लक्ष दिले नव्हते. आमच्या सौ. पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या की पाटावर बसून जेवणारे मूल पडून पडून पडणार तरी किती. पाय काढून सीट फरशीवर ठेवली की बैठक जेमतेम वीतभर उंच राहते, आजी समोर मांडी घालून बसते आणि मुलाचा घास नीट दिसतो. पट्टा आम्ही तेव्हाही लावतो. दुपारचे जेवण आता असेच होते आणि लांब पाय माळ्यावर गेले आहेत. म्हणजे ज्या उंचीसाठी पैसे मोजले, तीच आम्ही सर्वांत कमी वापरतो.

नवे बकल सध्या व्यवस्थित आहे. रोज रात्री कोमट पाण्याच्या वाटीत नुसते बकल हलवून धुतो, पट्टा भिजू देत नाही, आणि साबण किंवा तेल वापरत नाही. सकाळी मूल बसवण्याआधी दोन्ही जिभा लावून, खटका ऐकून, एकेक ओढून पाहतो. याला जेवणाच्या तयारीपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

सांगाडा, पृष्ठभाग आणि गादी यांबद्दल तक्रार नाही. रंग टिकला आहे, पाय डुगडुगत नाहीत आणि हळदीचे डाग उन्हात ठेवल्यावर फिके होतात. एकूण तीन तारे. विकत घेण्याच्या विचारात असाल तर पैसे भरण्याआधी ग्राहक सेवेला पट्ट्याचा भाग क्रमांक आणि त्याची सुटी किंमत लेखी विचारावी, आणि उत्तरात ‘किट’ हा शब्द आला तर दुसरी खुर्ची पाहावी. नातीची खुर्ची पुढे साताऱ्याच्या भाचीकडे जायची आहे. तोवर बकल सुटे विक्रीस आलेले दिसले, तर एक जास्तीचे घेऊन तिच्यासोबत पाठवीन आणि चौथा तारा परत देईन.