टीव्ही गेमच्या कॅसेटचे मऊ पारदर्शक पाऊच, आठ महिन्यांनंतर (आधीचा माझा रिव्ह्यू विसरा)

ऑक्टोबरात मीच याला पाच स्टार देऊन मोकळा झालो होतो, लेबल बाहेरून वाचता येतं, धूळ बसत नाही, पैसा वसूल वगैरे. ते सगळं परत घेतो.

माझ्याकडे ६० पिनवाल्या ४१ कॅसेट आहेत (कार्ट्रिज म्हणा हवं तर, आमच्या चाळीत कॅसेटच म्हणायचे). बऱ्याचशा नव्वदच्या दशकातल्या पिवळ्या, कॉन्ट्रा, मारिओ, ते ९९९९९९ इन १ ज्यात खरे गेम मोजून पाच-सहा, आणि चार अस्सल जपानी फॅमिकॉमच्या (निन्टेंडोचा जुना टीव्ही गेम). तीस वर्षं या आईच्या चकलीच्या पत्र्याच्या डब्यात माळ्यावर पडून होत्या, कोणी विचारलं नाही आणि त्यांना काही झालंही नाही. मग मला कलेक्टर व्हायची हौस आली. ३० पाऊच, ३६० रुपये.

जूनमध्ये भाचा आला म्हणून काढायला गेलो तर पहिली कॅसेट बाहेरच येईना. ओढली तर चर्र आवाज, हाताला तेलकट चिकट, लेबलची शाई पाऊचला आणि जिथे पाऊचची शिवण टेकत होती तिथे प्लास्टिकमध्ये चक्क चर. नख फिरवलं की लागतो. फॅमिकॉमच्या चारही कॅसेटना तो चर आहे, मी रोज रात्री बघतो, बायको म्हणते आता पुरे.

आधी पावसाळ्यावर राग काढला. विक्रेताही तेच म्हणाला, "सर तुमच्याकडे हवा दमट असेल", वर रिटर्नची मुदत संपलेली. पण पाऊच कमी पडले म्हणून ११ कॅसेट डब्यातच राहिल्या होत्या, त्याच घरात, त्याच हवेत, आणि त्या ठणठणीत! दुसरं पाकीट घ्यायला जीव झाला नव्हता, माझ्या कंजूषपणानेच त्या वाचल्या.

कारण असं की हे पाऊच पीव्हीसी प्लास्टिकचे, आणि पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ करायला तेलासारखं रसायन घालतात, ते हळूहळू बाहेर येतं आणि कॅसेटच्या एबीएस प्लास्टिकमध्ये शिरून त्यालाही मऊ करतं, मे महिन्याच्या उकाड्यात तर जास्तच. खरं तर मला कळायला हवं होतं, जॉयस्टिकची वायर वर्षानुवर्षं गेमच्या मशीनला गुंडाळून ठेवली होती तर तिथेही असेच वेटोळ्यांचे चर पडलेत.

चिकटपणा घालवायला एकीला नेलपेंट रिमूव्हर लावला, तो तर एबीएस विरघळवतो, आता तिथे पांढरा डाग. करू नका. आणि पांढऱ्या पिवळट झालेल्या कॅसेट पार्लरवाल्या ४० व्हॉल्यूम पेरॉक्साइडने उन्हात गोऱ्या करता येतात, मी एक केली, छान झाली, चार महिन्यांत परत हळद लागली. असो.

गेम चालतात सगळे, पिना खोडरबराने पुसल्या की कॉन्ट्रा सुरू. स्टार एक, तोही देणं भाग आहे म्हणून.

कॅसेट परत चकलीच्या डब्यात गेल्यात. सुटलेल्या पाऊचमध्ये आईने रेशनकार्डाच्या झेरॉक्स घातल्यात, शाई चिकटेल म्हणून सांगितलं तर म्हणते तुझं नेहमीचंच.