किमुरा ग्रिप, आठ महिन्यांनंतर: टॅप तीन, तक्रार अंगठ्याची

परवा जिउ-जित्सूच्या रोलिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या झटापटीत, अंगठा दुसऱ्यांदा मुरगळला, म्हणून हे लिहायला बसलो. रोज नवं तंत्र शिकायचं आणि आठवड्यात विसरायचं, याला कंटाळून आठ महिन्यांपूर्वी किमुरा ही एकच पकड धरली. तिच्यातूनच जमतील तेवढी कामं काढायची. एका हाताने समोरच्याचं मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडाभोवती घालून आपलंच मनगट पकडायचं, की झाली पकड.

पहिले तीन महिने निव्वळ वैताग. मनगट हाताला लागलं की मी लगेच पाठीमागे पिळायला जायचो. समोरचा स्वतःचा पट्टा गच्च धरायचा. मग राउंड संपेपर्यंत दोघांची रस्सीखेच आणि माझ्या हातांचे दगड. तेव्हा विचारलं असतंत तर एक स्टार दिला असता. दोष माझाच म्हणा. ज्यांचं नाव या पकडीला पडलं त्या जपानी जुदोपटू मासाहिको किमुरांनी १९५१ मध्ये रिओत ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या हेलिओ ग्रेसींचा हात यातच मोडला. तो किस्सा ऐकलेल्याला पकड लागली की मोडणंच सुचतं.

मत फिरलं ते एका आळसामुळे. साइड कंट्रोलमध्ये (मी वरून, त्याच्या छातीवर आडवा) समोरच्याने नेहमीप्रमाणे पट्टा धरला. मी दमलो होतो, म्हणून ओढणं सोडलं आणि त्याचं कोपर छातीला चिकटवून नुसता पडून राहिलो. तो उठून बसायला गेला, तसा मी डोक्याकडून सरकत त्याच्या मागे पोचलो. बॅक, म्हणजे त्याच्या पाठीमागची मोक्याची जागा, फुकटात! मनगट हे फक्त हँडल, धरायचा असतो तो खांदा, हे तेव्हा कळलं. पट्टा धरलेला हात जमिनीवर टेकता येत नाही, म्हणजे त्या बाजूला स्वीप, खालून उलटवून वर येणं. हात सरळ केला तर आर्मबार, म्हणजे कोपराचं कुलूप. २००० मध्ये जपानमधल्या एका एमएमए लढतीत रेन्झो ग्रेसी मागून कंबर धरून असताना जपानी लढवय्या साकुराबाने त्याच हाताला किमुरा लावली होती, ती लढत आता पुन्हा बघताना वेगळीच दिसते.

आता अंगठा. कोच पहिल्या दिवसापासून सांगतायत: पाची बोटं एकाच बाजूला, अंगठा गुंडाळू नकोस. माझा अंगठा ऐकत नाही. घाई झाली की आपोआप वळसा घालतो, समोरचा हात हिसकतो, आणि पुढचे चार दिवस मला बरणीचं झाकण फिरवता येत नाही. टेपची गुंडाळी आठवड्यात संपते, त्याने जीव वेगळाच जळतो.

टॅप, म्हणजे समोरच्याने हार मानून थापटणं, म्हणाल तर आठ महिन्यांत तीन, त्यातला एक नवख्याचा. बॅक किती वेळा मिळाली ते मोजणं सोडलंय.

काल जोडीदाराने हीच पकड माझ्यावर लावली. मी काय केलं? पट्टा गच्च धरला.