25 चा फेंटानिल पॅच: पाच महिने, एक पावसाळा आणि सुटणाऱ्या कडा

फेंटानिल म्हणजे मॉर्फिनच्या जातीचे जबर वेदनाशामक, आणि 25 चा म्हणजे कातडीतून तासाला 25 मायक्रोग्रॅम देणारा पॅच. औषध चोख आहे, तक्रार डिंकाची आहे. 72 तास चिकटून राहायला हवा असा पॅच जून महिना लागल्यापासून दुसऱ्याच दिवशी कडेने सुटायला लागतो. महिन्याला दहा लागतात, मिळतातही मोजून दहा. एनडीपीएसचे, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातले औषध, दोन वाया गेले म्हणून दुकानदार वरचे दोन देत नाही. 'नव्या चिठ्ठीवर बघू,' एवढेच उत्तर. एवढ्या महाग वस्तूला पोस्टाच्या तिकिटाइतका तरी चिकटपणा हवा.

सुटलेली कड ही नुसती कटकट नव्हे. अर्धवट चिकटलेल्या पॅचमधून औषध कमी जाते, दुखणे वाढते आणि घरातले कोणीतरी त्यावर दुसरा लावून मोकळे होते. मग रात्री कधीतरी पहिलाही पुन्हा घट्ट बसतो. दुसरी भीती याहून वाईट: रंग कातडीसारखा, त्यामुळे चादरीवर पडला तर दिसत नाही, आणि शेजारी झोपलेल्या नातवाच्या पाठीला चिकटू शकतो. पॅच पडला तर आधी तो शोधायचा, मग नवा दुसऱ्या जागी लावायचा आणि 72 तास तेव्हापासून मोजायचे.

ऑगस्टमधली भर: डिंकाला दिलेल्या अर्ध्या शिव्या परत. दोष बराचसा खोबरेल तेलाचा होता. आजारी माणसाच्या अंगाला तेल चोळणे आपल्याकडे सुटत नाही, त्यावर ग्लिसरिनचा साबण, त्यावर पावडर. आता जागा नुसत्या पाण्याने पुसायची, टॉवेलने टिपायची आणि पंख्याखाली पंधरा मिनिटे उघडी ठेवायची. पावसाळ्यात कोरडी वाटणारी कातडीही दमट असते. केस कात्रीने कापायचे. वस्तरा नको, खरचटलेल्या कातडीतून औषध जास्त जाते. मग तळहाताने 30 सेकंद दाबून धरायचे, कडांवरून बोट फिरवायचे आणि चारही बाजूंना मायक्रोपोरची चिकटपट्टी. पडून असणाऱ्याची पाठ घामाने भिजते, म्हणून गळ्याच्या हाडाखाली छातीवर किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला. पेशंट भ्रमात ओरबाडत असेल तर मात्र पाठीच्या वरच्या भागावरच. दर वेळी जागा बदलायची. या पद्धतीने दहातले नऊ तरी पुरे तीन दिवस टिकतात.

काटकसरीचे दोन उपाय सुचतील, दोन्ही करू नका. अर्धा कापून लावू नका: जेलचा असेल तर सगळे औषध एकदम बाहेर येते, आणि थराचा असला तरी डोस हिशेबाचा राहत नाही. चौथ्या दिवसापर्यंत ओढूही नका.

ज्याला आठवडाभर तरी रोज 60 मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा तेवढ्या ताकदीचे औषध चालू आहे, त्याच्यासाठीच हा 25 चा. साध्या कंबरदुखीला शेजाऱ्याचा उरलेला पॅच लावणे म्हणजे श्वास थांबवण्याचा बेत. पहिला लावल्यावर पूर्ण असर यायला 12 ते 24 तास लागतात, तोवर तोंडाने घ्यायचे औषध डॉक्टर सांगतील तसेच.

उष्णतेने औषध जास्त जाते. पॅचवर गरम पाण्याची पिशवी नको, बल्कांवातले, म्हणजे घरापुढच्या ओट्यावरचे, सकाळचे ऊन बेताने. ताप चढला तर डॉक्टरांना फोन. पावसाळ्यात गजकर्ण झाले म्हणून फार्मसीतून सहज आणलेल्या इट्राकोनाझोलच्या गोळ्याही रक्तातले फेंटानिल वाढवतात, हे काउंटरवर कोणी सांगत नाही. मार्चात हुर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू, आला की 'एक घोट' म्हणणारे पाहुणे येतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

बद्धकोष्ठाचे औषध पहिल्या दिवसापासूनच सुरू करून घ्या. शौच अडल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

हाक मारून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर पॅच काढा आणि 108 लावा. काढला म्हणजे सुटलो असे नाही. रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच जवळजवळ दिवस जातो, म्हणून नॅलॉक्सोनने, म्हणजे यावरच्या उताऱ्याने, जाग आली तरी लक्ष ठेवावे लागते.

वापरलेल्या पॅचातही बरेच औषध उरते. चिकट बाजू आत दुमडून कुलपाच्या डब्यात ठेवा आणि पुढच्या खेपेला जिथून आणला तिथे परत द्या. सोमवारी लावला तर पुढचा गुरुवारी, मग रविवारी, मग बुधवारी. वार सरकत राहतो. कॅलेंडरवर त्या चौकोनात तारखेसोबत जागाही लिहा: 'उजवा दंड', 'डावी छाती'.