लिनक्स मिंट एक्सएफसीई : विंडोज ७ च्या जुन्या लॅपटॉपवर टाकावं का?

देवगडपासून गुहागरपर्यंत कितीतरी होमस्टेंच्या काउंटरवर आणि आंबा बागायतदारांकडे अजून विंडोज ७ चालू आहे. टॅली, बिलं, पेट्यांचा हिशेब एवढ्याला ते पुरतंही. घोडं अडतं ते नेटवर. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद केले; पैसे भरणाऱ्या कंपन्यांना मिळत होते तेही जानेवारी २०२३ मध्ये थांबले. क्रोम ब्राउझरही तिथे १०९ व्या आवृत्तीवर अडकला. नव्या विंडोजमधलं एखादं भोक बुजवलं, की तेच भोक जुन्या विंडोजमध्ये कुठे असेल हे चोरांना आयतं कळतं, आणि तिथे ते बुजवायला कोणी येत नाही. अँटिव्हायरस ओळखीच्या फायली पकडतो, सिस्टीमची भोकं बुजवत नाही. बुकिंग साइटचं लॉगिन चोरीला गेलं, तर ‘अॅडव्हान्स परत भरा’ असे मेसेज पाहुण्यांना तुमच्याच नावाने जातात.

यावर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती हा सध्याचा सर्वांत कमी कटकटीचा उपाय आहे. फुकट मिळते, आणि २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम किमान २ जीबी लागते. ४ असेल तरच ब्राउझरच्या चार टॅब सुखाने उघडतात. जुनी हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी (वेगवान चिपवाली डिस्क) बसवली तर फरक रॅम वाढवण्यापेक्षा जास्त जाणवतो. फक्त प्रोसेसर ६४ बिटचा हवा. विंडोज ३२ बिटचं दिसलं म्हणून लगेच नाद सोडू नका, प्रोसेसर बहुधा ६४ बिटचाच असतो.

मिंट बसवायची आयएसओ फाइल ३ जीबीच्या आसपास आहे. दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर ती एका दमात उतरत नाही, तेव्हा फायबर असलेल्या कोणाकडून उतरवून घ्या. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जातं. विंडोज ७ वरूनच पेनड्राइव्ह तयार करायचा असेल तर ती फाइल पेनड्राइव्हवर चढवणाऱ्या रूफस या प्रोग्रामची ३.२२ आवृत्ती घ्यावी, ४ पासूनच्या आवृत्त्या तिथे उघडतच नाहीत. डेल-लेनोवोला एफ१२ आणि एचपीला एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि इन्स्टॉल न करता आधी तासभर तसंच वापरून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर यांचा निकाल तिथेच लागतो.

वायफाय दिसलं नाही तर बहुतेक वेळा चिप ब्रॉडकॉमची असते. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं. इन्स्टॉल झाल्यावर त्याच नेटवर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून वायफायचा ड्रायव्हर घ्या.

टॅलीसाठी विंडोज ठेवणं भाग असेल तर दोन्ही शेजारी नांदतात. आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवा. मग विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून पार्टिशन (डिस्कचा भाग) आक्रसून ४०-५० जीबी मोकळी करा आणि त्या जागेत मिंट बसवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय याला हातच लावू नये. वळवाच्या पावसात पार्टिशन हलवताना लाईट गेली, तर हिशेबाचं पान गेलंच समजा. नंतर विंडोजच्या ‘नेटवर्क कनेक्शन्स’मध्ये वायफाय आणि लॅन दोन्हींवर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. हे केलं नाही तर बाकीचा खटाटोप फुकट, कारण घाईच्या वेळी माणूस हाताशी असेल तो ब्राउझर उघडतो. बिलं पेनड्राइव्हने न्यायची गरजही नाही. मिंटमधून विंडोजच्या फायली सरळ उघडतात, उलट मात्र दिसत नाही, आणि ते बरंच आहे.

या जोडीत एक गंमत होते. विंडोजमधलं घड्याळ कधीकधी साडेपाच तास मागे पडतं, कारण मिंट मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतो आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये timedatectl set-local-rtc 1 ही आज्ञा दिली की भांडण मिटतं. शिवाय मिंटचा फायरवॉल मुळात बंद असतो. मेन्यूतून ‘फायरवॉल’ उघडून तो चालू करायचा.

उणी बाजू प्रिंटरची. दुकानादुकानात दिसणारा कॅनन एलबीपी २९०० इथे छळतो. ड्रायव्हर बसवायला अर्धा दिवस जाऊ शकतो आणि तरी मध्येच रुसतो. एचपी १०२० ला एचपीचं जास्तीचं प्लगइन उतरवलं की काम होतं. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच आहे, पण श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फायली गिचमिड दिसतात, त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. आधारचं अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचा डोंगल रोज लागणाऱ्या सेवा केंद्राने या वाटेला जाऊच नये. त्यांना विंडोज ११ चालणारं मशीनच घ्यावं लागेल.

मिंट जमतच नसेल आणि विंडोज ७ वरूनच नेट बघणं भाग असेल, तर फायरफॉक्स ब्राउझरची ११५ ईएसआर (लांब मुदतीची) ही त्यावर चालणारी शेवटची शाखा घ्या, निदान ११५.१३ किंवा त्यापुढची. तीही तात्पुरती, आणि त्यावर बँक नको.

पावसाळ्यात होमस्टे बंद राहिला की मशीन चार महिने पडून राहतं आणि आतला घड्याळ चालवणारा सीआर२०३२ हा बटणसेल बऱ्याचदा उतरतो. तारीख मागे जाते आणि प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. तिथे ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. सेल बदला, तारीख लावा, आणि खाली पॅनेलवरचं ढालीचं चिन्ह (अपडेट मॅनेजर) दाबून साचलेले अपडेट पूर्ण होईपर्यंत बुकिंगचं पान उघडू नका.