स्किम, फिम की बार्थेल? मज्जारज्जूच्या इजेनंतरचं स्वावलंबन मोजताना

स्किम (SCIM), फिम (FIM) आणि बार्थेल या तीन मोजपट्ट्या. पेशंट रोजची कामं किती स्वतःची स्वतः करतो, त्याला त्या गुण देतात. कमरेखालचं अंग लुळं पडलेला, पण हात भक्कम असलेला एक पेशंट घ्या. लघवीची नळी कायम बसवलेली. पिशवी तो स्वतः रिकामी करतो, कपडे कोरडे राहतात. लघवीच्या रकान्यात बार्थेल त्याला १० पैकी १० देतं, फिम ७ पैकी ६, आणि स्किम-३ (स्किमची तिसरी आवृत्ती) चक्क १५ पैकी शून्य! पुढे तो ठरावीक वेळी स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकतो आणि मधल्या वेळात कोरडा राहतो. आता स्किममध्ये ११ गुण. बाकी दोघं जागचे हलत नाहीत. त्याला हे शिकवण्यात वॉर्डची किती मेहनत गेली, ते त्या दोन कागदांवर कुठेच उमटत नाही.

म्हणून निव्वळ मज्जारज्जूचे पेशंट असतील तर माझं मत सरळ स्किमला. मुळात ते याच इजेसाठी बनवलं. १०० पैकी ४० गुण श्वसन, लघवी आणि शौचाचे आहेत. श्वसनाचा रकाना बाकी दोघांत नाहीच. अंथरुणात कूस बदलणं, उठून बसणं, व्हीलचेअरवर हातांच्या जोरावर अंग उचलणं हेही त्यात येतं. बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) टाळायचे तर हेच आधी बघावं लागतं.

फिममध्ये १८ बाबी, एकूण १८ ते १२६ गुण. त्यातल्या पाच बाबी आकलन आणि संवादाच्या. मेंदू शाबूत असेल तर तिथे पहिल्याच दिवशी ३५ पैकी ३५ मिळतात, मग सुधारणा कुठे दिसणार? अपघातात डोक्यालाही मार असेल, तर मात्र हाच भाग कामाचा. पक्षाघात आणि इतर पेशंटशी तुलना करायची असेल तरीही फिम चालेल. फक्त त्याचं प्रशिक्षण आणि परवानगी यांची चौकशी आधी करा.

बार्थेल १९६५चं, दहा बाबींचं, झटपट होणारं. झटपट अंदाजाला ठीक.

स्किमचीही एक खोड आहे. घरात हाताने व्हीलचेअर चालवत मोकळेपणी फिरणाऱ्याला ८ पैकी २च गुण. फिम त्यालाच ७ पैकी ६ देतं. त्यामुळे पेशंटला एकूण बेरीज सांगू नका, तो ती परीक्षेच्या मार्कांसारखी ऐकतो. कोणत्या रकान्यात गुण वाढले, ते बोट ठेवून दाखवा.